तिसरी पिढी पाचोऱ्यात कधी संपली? कन्सोलच्या इतिहासाची एक झडती

पीएच.डी.चा आराखडा लिहिताना ‘इतिहास’ नावाचं प्रकरण सगळ्यात सोपं वाटतं. विषय व्हिडिओ गेमचा असेल तर ते तयारच मिळतं. पहिली पिढी: १९७२, मॅग्नाव्हॉक्स ओडिसी. दुसरी: १९७७, अटारी व्हीसीएस. मग १९८३ ची मंदी, मग निन्टेन्डोने धंदा सावरला, ती तिसरी पिढी. चौथीत सेगा मेगा ड्राइव्ह आणि सुपर निन्टेन्डो, पाचवीत सोनीचं प्लेस्टेशन, आणि अशी ही वंशावळ थेट आजपर्यंत. पंधरा पानं भरतात, तक्ता सुबक दिसतो, मार्गदर्शक ‘हं, चालेल’ म्हणतात आणि आपण पुढच्या प्रकरणाला लागतो.

आज मला या तक्त्याचीच झडती घ्यायची आहे. त्यातल्या तारखा बहुतेक बरोबरच असतात, त्याबद्दल तक्रार नाही. माझा आक्षेप असा की हा तक्ता कंपन्यांनी माल कधी काढला ते सांगतो, आणि आपण तो ‘लोक काय खेळत होते’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून छापतो. तुमचा अभ्यास जळगाव-धुळ्यातल्या खेळणाऱ्यांवर असेल तर हे प्रकरण तुम्हाला पहिल्याच पानावर भलत्या गाडीत बसवतं. उदाहरणाला पाचोरा घेते. माझं गाव आहे, त्यामुळे तिथलं काय विचारायचं ते मला माहीत आहे.

आधी तक्ता पाचोऱ्याला लावून बघू. निन्टेन्डोचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’ जपानात १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आला, किंमत १४,८०० येन. जपान्यांनी नाव आखडून ‘फामिकॉम’ केलं. अमेरिकेत तोच १९८५ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये वेगळ्या खोक्यात, ‘निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम’ या भारदस्त नावाने उतरला. २९ ऑक्टोबर १९८८ ला जपानात मेगा ड्राइव्ह आला, म्हणजे तक्त्याच्या हिशेबाने तिसऱ्या पिढीचे केस पिकायला लागले. भारतात मेगा ड्राइव्ह अधिकृतपणे आला १९९५ मध्ये, आणि आणला कुणी, तर शॉ वॉलेसने. हो, दारूच्या धंद्यातली तीच शॉ वॉलेस. ८० टक्के आयातशुल्काचा डोंगर होता, आणि यंत्राची किंमत ठरली १८,००० रुपये. त्या काळात तेवढ्यात रंगीत टीव्ही यायचा! तोवर जपानात प्लेस्टेशनसुद्धा येऊन बसलं होतं (३ डिसेंबर १९९४).

म्हणजे ‘चौथी पिढी’ भारतात पोचली तेव्हा तिकडे पाचवी सुरू होती, आणि पोचली ती ज्या किमतीला, त्या किमतीत ती पाचोऱ्यापर्यंत येणं शक्यच नव्हतं. मग पाचोऱ्यात काय होतं? आठ-बिटी यंत्र. फामिकॉमची नक्कल. देशभर ती ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’ अशा नावांनी विकली गेली, आणि खोक्यावर काहीच धड नाव नसलेलीही भरपूर होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि दोन हजारच्या पहिल्या काही वर्षांत आमच्या गल्लीत ‘त्यांच्याकडे व्हिडिओ गेम आलाय’ याचा अर्थ एकच होता: जळगावच्या बाजारातून आणलेलं ते हलकं प्लॅस्टिकचं खोकं, दोन वायरी रिमोट, एक बंदूक आणि एक पिवळी किंवा काळी कॅसेट. तक्त्यात तोवर सहावी पिढी आली होती. प्लेस्टेशन २ जपानात ४ मार्च २००० ला आलं. आमच्याकडे तिसरी पिढी नवीकोरी, खोक्यातून बाहेर काढलेली, प्लॅस्टिकचा वास न गेलेली अशी होती.

तुम्ही म्हणाल, हा उशीर आहे, मागासलेपण आहे, खानदेशात सगळंच उशिरा येतं. थांबा. इथेच बहुतेक आराखडे फसतात. ‘उशिरा’ हा शब्द वापरला की तुम्ही जपानचं घड्याळ पाचोऱ्याच्या भिंतीवर टांगलंत. खुद्द निन्टेन्डोने जपानात फामिकॉमचं उत्पादन थांबवलं २००३ मध्ये. म्हणजे ज्या काळात आम्ही ते खेळत होतो त्या काळात मूळ कंपनीही ते बनवतच होती. तिसरी पिढी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला संपली असं तक्ता म्हणतो. यंत्राला कुणी ते कळवलंच नव्हतं.

पाचोरा जंक्शनवर ज्यांनी गाडी बदलली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मुंबई-भुसावळ मार्गावरून विजेच्या इंजिनाच्या गाड्या धडधडत जायच्या, आणि त्याच स्टेशनच्या एका कडेला जामनेरची ‘पीजे’ उभी असायची: नॅरोगेज, छप्पन्न किलोमीटरचा रस्ता, २०२० च्या टाळेबंदीत थांबेपर्यंत चालू. कुणी जामनेरला जाणाऱ्याला ‘तुम्ही मागच्या पिढीच्या गाडीने जाता’ असं म्हणत नव्हतं. तो जामनेरला जात होता, बस. रेल्वेचा इतिहास इंजिनांच्या शोधाच्या तारखांनी लिहिला तर पीजे त्यात मावत नाही. कोण कशातून, कुठे, किती वर्षं गेलं हे विचारलं तर मावते. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने २००६ मध्ये ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या पुस्तकात हाच मुद्दा साऱ्या विसाव्या शतकाच्या तंत्रज्ञानाबद्दल मांडला आहे: शोधाच्या तारखांपेक्षा वापराचा इतिहास लिहा. आराखड्यात सैद्धांतिक आधार हवा असेल तर पिढ्यांचा तक्ता वगळून हे पुस्तक घ्या. तुमचं दुसरं प्रकरण एका रात्रीत बदलेल.

आता यंत्राकडे. वैशिष्ट्यांचा परिच्छेद म्हणजे आकड्यांची जंत्री, असा आपल्याकडे एक समज आहे. ‘१.७९ मेगाहर्ट्झ, २ केबी रॅम, २५६ गुणिले २४० ठिपके, आवाजाच्या पाच वाहिन्या.’ लिहिलं, संपलं. पण प्रत्येक आकड्याला ‘मग काय?’ विचारल्याशिवाय तो प्रबंधात येऊ देऊ नका. फामिकॉमच्या बाबतीत ‘मग काय?’ची उत्तरं फार मजेशीर आहेत.

त्याचा मुख्य प्रोसेसर जपानच्या रिको कंपनीने केलेला, पण गाभा १९७५ च्या ६५०२ या स्वस्त अमेरिकी चिपचा. म्हणजे १९८३ सालीही हे यंत्र मुद्दाम जुन्या, स्वस्त मालावर बांधलेलं होतं. दुसरं, अमेरिकी यंत्रात निन्टेन्डोने एक कुलूप-चिप बसवली होती. परवान्याशिवायची कॅसेट घातली तर यंत्र चालू-बंद होत राहायचं. जपानी फामिकॉममध्ये हे कुलूप नव्हतं. कॅसेटच्या साठ पिना आणि उघडं दार. तैवानच्या यूएमसीसारख्या कंपन्यांनी याच्या मुख्य चिपांच्या नकला केल्या, पुढे सगळं यंत्र एकाच चिपमध्ये मावलं, आणि नंतरच्या स्वस्त यंत्रांत तर बोर्डावर फक्त काळ्या डांबरासारखा एक थेंब दिसतो, त्याखाली सगळं. पाचोऱ्याला व्हिडिओ गेम मिळाला तो या नसलेल्या कुलपामुळे. ‘कुलूप-चिप नाही’ ही ओळ बहुतेक तक्त्यांत नसतेच. माझ्या मते ती पहिली असायला हवी.

आणि आता मला सगळ्यात आवडणारा भाग. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवायचे, आपले पॅल टीव्ही पन्नास. युरोपसाठी निन्टेन्डोने स्वतःचं पॅल यंत्र काढलं आणि काही खेळ त्या वेगाला जुळवून घेतले. नकलाकारांना ती चैन नव्हती. त्यांना जपानी कॅसेटमधला खेळ जसाच्या तसा पॅल टीव्हीवर चालवायचा होता. म्हणून यूएमसीच्या पॅल चिपांमध्ये एक युक्ती केली: प्रोसेसरचा वेग जपानी यंत्राच्या जवळपास ठेवला (१.७७ मेगाहर्ट्झ, निन्टेन्डोच्या स्वतःच्या पॅल यंत्रात तो १.६६ होता) आणि दोन चित्रांमधली मोकळी वेळ वाढवली. खेळ न अडखळता चालतो, सूरही साधारण तोच लागतो, पण खेळाची चाल चित्रांवर मोजलेली असल्यामुळे सगळं सावकाश होतं. साठाची कामं पन्नासात.

हिशेब करून बघा. सुपर मारिओ ब्रदर्समध्ये वरच्या कोपऱ्यातला ‘टाइम’ ४०० पासून सुरू होतो आणि दर चोवीस चित्रांना एकाने उतरतो. साठच्या टीव्हीवर ४०० म्हणजे १६० सेकंद. पन्नासवर १९२ सेकंद. बत्तीस सेकंदांचा फरक! मारिओची उडी सावकाश, कासवं सावकाश, आणि ते प्रसिद्ध संगीत सहाऐवजी पाचच्या चालीवर. पॅल क्लोनवर वाढलेल्या मुलामुलींचा मारिओ हा तोक्योच्या मुलांचा मारिओ नव्हता.

याचा संशोधनाशी संबंध काय? थेट आहे. आज तुम्ही लॅपटॉपवर इम्युलेटर घालून मारिओ सुरू करता, तो बहुधा साठच्या वेगाने चालतो. मग ‘नव्वदच्या दशकातील महाराष्ट्रातील खेळानुभव’ असं काहीतरी शीर्षक देऊन त्यावर वीस पानं लिहिता. ज्या वस्तूबद्दल तुम्ही लिहिताय ती वस्तू तुमच्यासमोर नाहीच. हे म्हणजे शेवभाजीवर प्रबंध लिहायचा आणि चव पुण्याच्या हॉटेलात घ्यायची.

बंदुकीचं तर विचारूच नका. बदकं मारायच्या ‘डक हंट’मध्ये (जपानात १९८४) बंदुकीतून काहीच सुटत नाही, उलट बंदूक टीव्हीकडे बघते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतल्या संवेदकाला तो उजेड ठरल्या क्षणी दिसला तर नेम लागला. हे जमतं ते जुन्या काचेच्या ट्यूबच्या टीव्हीवर, कारण तिथे चित्र उमटण्याची वेळ नेमकी ठरलेली असते. आजच्या चपट्या टीव्हीवर तो उजेड उशिरा येतो, आणि बदकं अमर होतात. म्हणजे ‘कन्सोल’ ही वस्तू एकटी कधी नव्हतीच. तिच्यासोबत पॅल टीव्ही, अँटेनाच्या जागी खुपसलेली वायर, चॅनेल ट्यून करायला बसलेला काका, सिरियलच्या वेळी केबल परत लावायची घाई, हे सगळं आलं. आणि भारनियमन. सुपर मारिओमध्ये खेळ जतन करायची सोयच नाही. आठव्या जगात पोचलेला मारिओ २ केबी रॅममध्ये राहतो आणि वीज गेली की तोही गेला. खानदेशात ज्या वर्षांत तासन्‌तास भारनियमन होतं त्या वर्षांत या ओळीचा अर्थ काय होता, हे कुठल्याही तक्त्यातून कळणार नाही.

आता कॅसेट. आमच्याकडे कार्ट्रिज हा शब्द कुणाला माहीत नव्हता, ती कॅसेटच. आणि तिच्यावर लिहिलेलं असायचं ‘९९९९९९९ इन १’. नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ! साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ही कॅसेट ‘संहिता’ म्हणून वाचावी, अशी माझी मनापासून शिफारस आहे. यादी सरकवत जा. खरे खेळ मोजके, बाकी तेच नाव बदलून. एका नावाखाली मारिओ पहिल्या जगात सुरू होतो, दुसऱ्या नावाखाली तोच मधल्या एखाद्या जगात. कॉन्ट्राच्या एका नोंदीत सुरुवातीलाच चांगली बंदूक मिळते. म्हणजे कुणीतरी, कुठेतरी बसून मूळ खेळाच्या संकेतात एखादा आकडा बदलला आहे. बाजारूपणा आहे तो, फसवणूकही आहे. पण ज्याला वीज जायच्या आत पुढचं जग बघायचंय त्याच्यासाठी तो उपकारही आहे. दोन्ही एकदमच लिहा. एकच लिहिलंत तर अर्धवट होईल.

या कॅसेटांत अनेकदा मूळ कंपनीचं नाव आणि वर्ष पुसलेलं असायचं. परिणाम असा की आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी निन्टेन्डो हे नाव मोबाइल आल्यानंतर ऐकलं. मुलाखतीचा आराखडा करताना हे फार महत्त्वाचं आहे. ‘तुमच्याकडे कोणता कन्सोल होता?’ असा प्रश्न प्रश्नावलीत टाकलात तर समोरचा माणूस गोंधळून बघेल किंवा, त्याहून वाईट, तुम्हाला बरं वाटावं म्हणून आज माहीत असलेलं नाव सांगेल. ‘निन्टेन्डो असेल बहुतेक.’ झालं, तुमचा विदा दूषित. आपल्या बोलण्यात ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे यंत्र. ‘गेम’ म्हणजे कधी खेळ, कधी कॅसेट. ‘मारिओ’ म्हणजे मारिओ, आणि काही घरांत उड्या मारायचा कुठलाही खेळ. ‘टँकवाली’ म्हणजे बॅटल सिटी. प्रश्न असा विचारा: ‘व्हिडिओ गेम कुठून आणला होता भो? कॅसेटवर काय चित्र होतं?’ चित्र लोकांना आठवतं. नाव आठवत नाही, कारण नाव नव्हतंच.

ओघात फुंकरीचंही सांगून टाकते, कारण पद्धतिशास्त्राच्या तासाला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. कॅसेट चालली नाही की काढायची, पिनांवर जोरात फुंकर मारायची, परत घालायची. चालायची! जपानपासून पाचोऱ्यापर्यंत सगळ्या पोरांचा हाच उपाय. पण फुंकरीसोबत आणखी एक गोष्ट दर वेळी घडत होती: कॅसेट काढून परत बसवली जात होती, म्हणजे पिनांचा संपर्क नव्याने जुळत होता. काम होत होतं ते मुख्यतः त्यामुळे. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजायलाच मदत. दोन कारणं कायम जोडीने येत असतील तर कोणत्या कारणाने काम झालं हे नुसत्या अनुभवाने कळत नाही, अनुभव लाखोंचा असला तरी. एकदा न फुंकता काढून घाला, एकदा न काढता फुंका (ते जमत नाही म्हणा, तीच तर अडचण). तुमच्या विषयातली फुंकर कोणती, ते शोधा.

पूर्वसंशोधनाकडे येऊ. या यंत्रावर सगळ्यात बारकाईने लिहिलेलं पुस्तक म्हणजे नेथन अल्टिस यांचं ‘आय ॲम एरर’, एमआयटी प्रेस, २०१५. चिप, पडदा, भाषांतर, इम्युलेटर, सगळं इतकं जवळून वाचलेलं आहे की ‘वैशिष्ट्ये’ हे प्रकरण कसं लिहावं याचा तो धडाच आहे. पण उपशीर्षकच सांगतं की पुस्तक निन्टेन्डोच्या जपानी आणि अमेरिकी यंत्राचं आहे. पन्नासच्या वेगाची नक्कल हा त्यांचा विषय नाही. तुमचा असू शकतो. दुसऱ्या टोकाला रवी सुंदरम यांचं ‘पायरेट मॉडर्निटी’. नकली मालाकडे फक्त गुन्हा म्हणून न बघता शहरी जगण्याची एक घडण म्हणून बघायला त्याने अनेकांना शिकवलं. ते दिल्लीचं पुस्तक आहे, आणि दिल्लीचंच राहतं. तालुक्याच्या गावात बाजार वेगळा चालतो: माल विकणारा आणि दुरुस्त करणारा बहुधा एकच, तोच टीव्हीही दुरुस्त करतो, आणि त्याची-तुमची ओळख तीन पिढ्यांची असते. त्याने खराब कॅसेट दिली तर तो उद्या रस्त्यात भेटणार आहे. हा फरक कुणीतरी लिहायला हवा. मार्क वुल्फ यांनी संपादित केलेल्या ‘व्हिडिओ गेम्स अराउंड द वर्ल्ड’ (२०१५) मध्ये भारतावरचं प्रकरण सौविक मुखर्जींचं आहे, ते वाचाच. आणि पद्धत शिकायला यारोस्लाव श्वेल्ख यांचं चेकोस्लोव्हाकियावरचं ‘गेमिंग द आयर्न कर्टन’ (२०१८): जिथे अधिकृत बाजारच नव्हता तिथल्या खेळांचा इतिहास मुलाखती, हौशी मंडळं आणि घरी केलेल्या प्रती यांतून कसा उभा करतात ते त्यात दिसतं. मला विचाराल तर आपल्याला जपान-अमेरिकेपेक्षा चेकोस्लोव्हाकिया जवळचा आहे.

मात्र एक धोका. ‘पिढ्यांचा तक्ता नको’ म्हणता म्हणता काही जण दुसऱ्या टोकाला जातात. मग नक्कल म्हणजे जनतेचं बंड, जुगाड, साम्राज्याला दिलेलं उत्तर! असले दोन-तीन निबंध मी परिसंवादांत ऐकले आहेत, टाळ्याही पडल्या. मला ते पटत नाहीत. हे खोकं पाचोऱ्यातही फुकट मिळत नव्हतं. ते ज्यांना परवडलं त्यांच्या घरी आलं, आणि बाकीचे त्यांच्या खिडकीत उभे राहिले. खिडकीतल्यांना विचारा. कुणाच्या घरात बसू दिलं जायचं आणि कुणाला उंबऱ्यापाशी, हेही विचारा. उत्तर ऐकायला जड जाईल, पण विचारा.

आणि दुसऱ्या रिमोटबद्दल विचारा. मूळ फामिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणं नव्हतीच, त्यांच्या जागी एक छोटा मायक्रोफोन होता. काही नकलांनी मायक्रोफोन काढला, पण बटणं दिली नाहीत. म्हणजे खेळ कधी सुरू करायचा, कुठला करायचा आणि कधी थांबवायचा, हे ठरवणार पहिला रिमोट. आता सुपर मारिओचे नियम बघा: दोघे एकदम खेळत नाहीत. पहिला मरेपर्यंत दुसऱ्याने बसून राहायचं. पहिला चांगला खेळणारा असेल तर दुसऱ्याची पाळी वीस-वीस मिनिटं येत नाही, आणि चांगला तोच होतो ज्याला जास्त खेळायला मिळतं. आमच्या घरात पहिला रिमोट दादाचा. शेजारीही दादाचाच. मी आजवर जितक्या मैत्रिणींना विचारलं त्यांच्यापैकी बहुतेकींनी एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं: मला कॉन्ट्रा आवडायचा. का? कारण कॉन्ट्रात आणि टँकवालीत दोघं एकदम खेळतात. हे मी निष्कर्ष म्हणून सांगत नाहीये, आठ-दहा जणींशी गप्पा म्हणजे नमुना नव्हे. पण बघा, इथे यंत्राची रचना, खेळाचा नियम आणि घरातला मान या तीन गोष्टी एकाच जागी येऊन भेटतात. ‘आवडता खेळ कोणता?’ या बाळबोध प्रश्नामागे ‘तुम्हाला कोणता रिमोट मिळायचा?’ हा प्रश्न लपलेला आहे. कुणाला प्रबंधाचा विषय हवा असेल तर घ्या, माझी हरकत नाही.

आकड्यांबद्दल थोडक्यात. निन्टेन्डोच्या हिशेबात हे यंत्र ६ कोटी १९ लाख विकलं गेलं. हा आकडा प्रबंधात जरूर द्या, पण त्यात आमच्या गल्लीतलं एकही खोकं नाही, हे लगेच पुढच्या वाक्यात लिहा. आयातीच्या बाजूने शोध घ्यायचा असेल तर सीमाशुल्क दरपत्रकातलं ९५०४ हे शीर्षक बघा, व्हिडिओ गेम तिथे येतात, पत्ते-बिलियर्डसारख्या खेळांच्या शेजारी. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरची उरलीसुरली परिमाणात्मक बंधनं १ एप्रिल २००१ ला उठली, ही तारीखही जवळ ठेवा. त्याआधीच्या आणि नंतरच्या मुलाखती वेगळ्या लावून बघता येतात. दैनिकांच्या जळगाव आवृत्त्यांमधल्या दिवाळीच्या जाहिराती चाळा. टीव्ही दुरुस्ती करणाऱ्यांकडे जा, जळगावात गोलाणी मार्केटमधल्या जुन्या माणसांशी बोला, आणि घरच्या माळ्यावर चढा. भंगारवाल्याकडे गेलेलं खोकं परत येत नाही. मिळालं तर उघडून बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, चिपांवरचे क्रमांक लिहून घ्या. काळा थेंब असेल तर तेही लिहा. थेंब हाही पुरावाच आहे.

दुकानदारांशी बोलण्याआधी मात्र एक काम. १९८४ च्या दुरुस्तीपासून भारताच्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या आज्ञावलींचा समावेश आहे. म्हणजे तुमचा माहितीदाता तुम्हाला सांगत असलेली गोष्ट, तासावर खेळायला देणं, कॅसेट बदलून देणं, नकली माल विकणं, ही कायद्याच्या दृष्टीने निरुपद्रवी आठवण असेलच असं नाही. संमतीपत्र त्याच्या भाषेत करा, नुसतं विद्यापीठाचं इंग्रजी छापील नको. गाव लहान आहे. ‘स्टेशन रोडवरचे एक टीव्ही मेकॅनिक’ इतकं लिहिलंत तरी सगळ्यांना कळतं. दुकानाची जागा बदला, वर्ष थोडं सैल ठेवा, आणि ध्वनिमुद्रण कुणाकडे राहणार हे आधी ठरवून मगच मोबाइल टेबलावर ठेवा. माझ्या यादीतल्या एका काकांनी तीन भेटींत नुसता चहा पाजला. चौथ्या भेटीत त्यांनी विचारलं, ‘हे कुठं छापणार नाही ना?’ मी सांगितलं, छापणार आहे, पण तुमचं नाव, दुकान, गल्ली यांतलं काही नसेल, आणि छापायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवेन. ते आत गेले आणि जुन्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत चौदा कॅसेट होत्या, त्यातल्या नऊ अजून चालतात.